शेठ, तुम्ही नांगर विकलाच नाहीत

बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानाच्या मालकांस,

नमस्कार. पत्राची रीत म्हणून एवढं लिहिलं. त्याआधीचं ‘सप्रेम’ गाळलं आहे, ते का गाळलं हे पत्र पुरतं वाचलंत तर तुम्हाला कळेल. तुमच्या दुकानाचं नाव इथे घालत नाही. माझं भांडण पाटीशी नाही, काउंटरवर जे चालतं त्याच्याशी आहे, आणि तसं ते तुमच्या एकट्याच्याच काउंटरवर चालतं असंही नाही. म्हणून पत्र उघडं लिहिलं.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे शिडाची बोट चालवायला शिकलेला एक तरुण तुमच्याकडे आला होता. रोज इतकी गिऱ्हाइकं येतात, तुम्हाला तो आठवणार नाही. त्यानं वीस फुटी, जुनी पण चांगल्या हाडाची फायबरची बोट घेतली होती. वर-खाली होणारा सेंटरबोर्ड, एक डोलकाठी, मागे लहानसं आउटबोर्ड इंजिन. नांगर नव्हता, म्हणून तो आला. ‘हलका द्या, पुढे जाऊन एकट्यालाच टाकायचा असतो,’ एवढंच त्यानं सांगितलं. तुम्ही त्याच्यासमोर दीड किलोचा घडीचा चारदाती नांगर ठेवलात, सोबत सहा मिलिमीटर जाडीचा पंधरा मीटर प्लास्टिकचा दोर, दोराच्या टोकाला एक कडीचा हुक, आणि हे सगळं मावेल अशी झिपची पिशवी. ‘छोटी बोट आहे, आरामात धरेल,’ असं म्हणालात. आणि त्याला एक प्रश्न विचारलात: पिशवी निळी हवी की नारिंगी?

बोट किती लांब, हे विचारलं नाहीत. ती कुठे उभी करणार, तिथे तळाला चिखल आहे की वाळू की खडक, पाणी किती खोल, भरतीला किती चढतं, रात्री मुक्काम करणार की जेवणापुरतं थांबणार, यातलं काहीही नाही. चपलांच्या दुकानातला पोऱ्यासुद्धा आधी पायाचं माप घेतो.

त्यानं हलका नांगर मागितला यात त्याची काही चूक नव्हती. वीस फुटी शिडाच्या बोटीला जड नांगर खरोखरच गैरसोयीचा असतो. नाळेवर उभं राहायला जागा हातभर. नांगर खेचायला यंत्र नाही, माणसाची पाठ हेच यंत्र. दहा-बारा किलोचं लोखंड कायम नाळेवर ठेवलं तर बोटीचं नाक खाली जातं, लाटेत ती जड चालते, वाऱ्यावर नीट चढत नाही. आणि जो नांगर उचलायला नकोसा वाटतो तो माणूस वेळेवर टाकत नाही, ‘अजून थोडं पुढे जाऊ’ म्हणत राहतो. थोडक्यात, हलकेपणाची मागणी रास्त आहे. ती पुरी करणारे नांगर जगात आहेत आणि फार हुशार माणसांनी ते घडवले आहेत. तुम्ही मात्र त्याला हलका म्हणून लहान नांगर दिलात. या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि हा फरक ठाऊक असणं हा तुमचा धंदा आहे.

नांगर आपल्या वजनानं बोट धरत नाही. वजनाचं काम एवढंच की त्यानं तळाशी जावं, आडवं पडावं आणि पात्याचं टोक जमिनीत घुसेपर्यंत दाब द्यावा. त्यानंतर बोट धरतं ते पातं: त्याचं क्षेत्रफळ, दांड्याशी असलेला त्याचा कोन, आणि त्याच्यासमोर दाबला गेलेला चिखल किंवा वाळूचा थर. केवळ वजनावर बोट धरायची तर लोखंडाचा ढीग लागेल, आणि लोखंड पाण्यात आपलं थोडं वजनही गमावतं. हे शहाणपण काल-परवाचं नाही. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गाजवळ समुद्राच्या तळाशी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना जुने दगडी नांगर सापडले आहेत. त्यांतले काही लांबट दगड आहेत: वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक, खालच्या बाजूला चौकोनी भोकं. त्या चौकोनी भोकांत लाकडाचे दात बसवत. दगड हाताशी असूनही त्या लोकांनी दगडाच्या वजनावर भरवसा ठेवला नाही, त्याला दात लावले.

विमानांच्या सुरुवातीच्या काळात पाण्यावर उतरणारी विमानं आली तेव्हा हलक्या नांगराचा प्रश्न खरा तीव्र झाला. विमानात एकेका किलोचा हिशेब. आणि उतरल्यावर तेच विमान वाऱ्यात एखाद्या बोटीपेक्षा जास्त ओढ घेणार. या प्रश्नात जेफ्री इंग्रम टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं लक्ष घातलं. द्रवांच्या गतीवरच्या कामासाठी जगभर नावाजलेला हा माणूस स्वतः शिडाच्या बोटीचा नादी होता. 1933 साली त्यानं शेतातल्या फाळासारखा नांगर काढला. ओढ पडली की तो आपोआप जमिनीत शिरतो आणि ओढ वाढेल तसा आणखी खाली जातो. सीक्यूआर या नावानं तो नांगर पुढे कित्येक दशकं जगभरच्या बोटींच्या नाळेवर होता. अमेरिकेत रिचर्ड डॅनफर्थ यानं दुसरा रस्ता धरला: दोन मोठी चपटी पाती, मधे बिजागरी, उलटंसुलटं होऊ नये म्हणून आडवी दांडी. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींनी हे नांगर वापरले. किनाऱ्याकडे जाताना मागून नांगर सोडायचा, माणसं उतरली की त्याच दोराला खेचून बोट वाळूवरून परत पाण्यात काढायची. वाळूत रुतलेली बोट ओढून काढण्याइतकी पकड, तीही त्या मानानं हलक्या नांगराची. पुढे त्याच आकारात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे नांगर आले. फोर्ट्रेस कंपनीच्या एफएक्स मालिकेतला सर्वांत लहान नांगर, एफएक्स-7, भरतो 1.8 किलो. कंपनी तो 16 ते 27 फुटी बोटींसाठी सुचवते. त्याच्या वरचा, एफएक्स-11, 3.2 किलोचा.

आता हे नीट बघा, शेठ. तुम्ही विकलेला नांगर दीड किलोचा, आणि हा 1.8 किलोचा. फरक जेमतेम तीनशे ग्रॅमचा. त्या मुलानं मागितलेला हलकेपणा दोघांतही आहे. फोर्ट्रेसची पाती मात्र दोन रुंद फळ्या आहेत, ती जमिनीत गाडली गेली की त्यांच्यापुढे चिखलाची भिंत उभी राहते. तुमचा तो चारदाती नांगर आज माझ्या टेबलावर आहे. एकेका दाताच्या टोकाचा चपटा भाग माझ्या दोन बोटांनी झाकला जातो. चारांपैकी दोनच दात कधीही जमिनीला टेकणार, म्हणजे चार बोटांएवढं लोखंड वीस फुटी बोट धरणार. दात उघडे ठेवायला दांड्यावर सरकणारं एक कडं आहे, ते खाली फिरवून बसवायचं असतं. हे कडं बोटाच्या धक्क्यानं हलतं. ते वर सरकलं की चारही दात मिटतात आणि उरते एक काठी. जस्ताचा मुलामा मात्र चकचकीत आहे, तो मी नाकारत नाही.

ओढ किती पडते याचा अंदाज देणारे तक्ते कधीपासून छापलेले आहेत. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा तक्ता वीस फुटी बोटीसाठी सांगतो: 15 नॉट वाऱ्यात, म्हणजे ताशी साधारण 28 किलोमीटर वेगात, नांगरावर 90 पौंड ओढ धरा, सुमारे 41 किलो. 30 नॉटला धरा 360 पौंड, सुमारे 163 किलो. 42 नॉटला 720 पौंड, म्हणजे सव्वातीनशे किलोंच्या वर. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, कारण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. हे आकडे मुद्दाम सढळ हातानं धरलेले आहेत, लाटांच्या हिसक्यांचा हिशेब त्यात घेतला आहे. तुम्ही म्हणाल, इतकं कुठे लागतं. शिडाच्या बोटीला लागतं. तिची डोलकाठी आणि ताणदोर शिडं उतरल्यावरही वारा धरतात. सेंटरबोर्ड वर घेतला की ती नांगरावर स्थिर राहत नाही, डावीकडून उजवीकडे झोके घेत राहते आणि प्रत्येक झोक्याच्या टोकाला दोराला हिसका बसतो. म्हणजे नांगराला सरळ ओढ कधी मिळतच नाही, दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं हिसके मिळतात.

आता किहीमला काय झालं ते सांगतो. तुमच्या त्या नांगराचा हा पहिलाच खरा उपयोग होता.

अमावास्येचं उधाण होतं. तो मुलगा, त्याची बहीण आणि तिची दहा वर्षांची मुलगी, असे तिघं पहाटे मांडव्याहून निघाले. जमिनीकडून मतलई वारा होता, अंगाला गार लागणारा, बोट शिडावर अलगद चालली. सातच्या सुमाराला ओहोटीच्या वेळी किहीमसमोर त्यांनी नांगर टाकला. पाणी दोन मीटर. त्यानं पंधराच्या पंधरा मीटर दोर सोडला, आणि हे त्यानं बरोबर केलं. वारा पूर्वेकडून, म्हणून बोट समुद्राच्या बाजूला वळून उभी राहिली. नांगर हलत नव्हता. हलण्यासारखं काही नव्हतंच.

आपल्या या किनाऱ्यावर अमावास्येला आणि पौर्णिमेला दुपारी बारा-एकच्या सुमाराला भरती पुरी होते, हे थळच्या कोळ्याच्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. आणि जमीन तापली की दुपारी खारा वारा उलट्या बाजूनं, वायव्येकडून, किनाऱ्यावर येतो. म्हणजे दुपारपर्यंत दोन गोष्टी होणार हे सकाळी सातलाच ठरलेलं होतं: पाणी चढणार आणि वारा फिरणार.

पाणी साडेतीन मीटर चढलं. हिशेब तुमच्यासाठी मांडतो, कारण विकताना तो तुम्ही मांडायला हवा होता. दोराची लांबी पाण्याच्या खोलीशी मोजतात, आणि त्यात पाण्यापासून नाळेपर्यंतची उंची मिळवतात. सकाळी दोन मीटर पाणी आणि पाऊण मीटर नाळ, म्हणजे पावणेतीन. पंधरा मीटर दोर हा त्याच्या पाचपटीहून थोडा जास्त. चांगल्या हवेत चालून जाण्यासारखा. दुपारी साडेपाच मीटर पाणी आणि पाऊण मीटर नाळ, म्हणजे सव्वासहा. तोच दोर आता अडीचपटही नाही. दोर जितका आखूड तितका तो तळाशी उभा कोन करतो, आणि नांगराला जमिनीत दाबायच्या ऐवजी वर उपटतो. दोराला सातपट लागतं, त्या हिशेबानं त्या दुपारी त्या जागी 44 मीटर दोर हवा होता. तुमच्या पिशवीत पंधरा होता आणि पिशवीवर छापलं होतं ‘संपूर्ण संच’.

मग वारा फिरला. बोट नांगराला वळसा घालून किनाऱ्याच्या बाजूला आली. नांगराला उलट्या दिशेनं ओढ बसली, दात सुटले आणि ते पुन्हा कधी रुतलेच नाहीत. त्या मुलानं नारळाच्या झाडामागची एका घराची कौलं खूण म्हणून धरली होती. कौलं झाडामागून बाहेर आली तेव्हा त्याला कळलं की आपण सरकतो आहोत. इंजिनची दोरी ओढली, तिसऱ्या-चौथ्या ओढीला ते सुरूही झालं. पण तुमचा प्लास्टिकचा दोर पाण्यावर तरंगतो. नांगर सुटून सैल झालेला तो दोर बोटीखाली आला आणि पंख्यात गुंडाळला गेला. शीड चढवून निघायला समोर जागा उरली नव्हती. मागे खडक होता.

थळच्या दोन कोळ्यांनी आपली होडी आडवी घालून दोर टाकला म्हणून माणसं वाचली आणि बोट बरीचशी वाचली. सुकाणू मोडलं. तळाला हातभर लांबीची खरचट आहे, आत कापड दिसतं. नांगर वर घेतला तेव्हा कडं सरकलेलं होतं, तीन दात मिटलेले, चौथा वाकलेला, आणि त्यात शेवाळाचा गुंता आणि दुधाची फाटकी पिशवी. त्या मुलीला पोहता येत होतं आणि अंगात लाइफ जॅकेट होतं. ही दोन्ही कामं तिच्या आईची. त्यात तुमचा काही वाटा नाही.

तुमच्या बाजूनं जे बोलता येईल तेही मी बोलून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की एकतर्फी लिहिलं. घडीचा चारदाती नांगर ही वाईट वस्तू नाही. कयाकला तो चालतो. माणूस बोटीत बसलेला असताना गळ टाकायला तासभर थांबायचं, तर छोट्या होडीला चालतो. खडकाळ तळावर, जिथे चपट्या पात्याला घुसायला जागाच नसते, तिथे हे दात कपारीत अडकतात आणि धरतात. मात्र अडकले की निघत नाहीत, म्हणून दाताच्या बाजूला वेगळा सुटका-दोर बांधावा लागतो. तोही तुमच्या संचात नव्हता. आणि मालवणला कोणी हा नांगर घेऊन निघालं तर त्याला सांगा की 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे आणि खालचा तो ‘खडक’ पुष्कळदा जिवंत प्रवाळ असतो. चार दात त्यावरून फरफटले की जे मोडतं ते वाढायला माणसाचं आयुष्य जातं. तिथे वाळूचा मोकळा पट्टा बघून नांगर टाकायचा किंवा बांधलेली बोया असेल तर तिला दोर लावायचा.

फोर्ट्रेस किंवा डॅनफर्थच्या आकाराचा नांगर सर्वगुणी आहे असंही मी म्हणणार नाही. तसं कोणी विकताना सांगितलं तर त्यालाही मी असंच पत्र लिहीन. या आकाराला गवताळ, शेवाळी तळ सोसत नाही, तो वरून घसरत जातो. बिजागरीत शिंपला किंवा गोटा अडकला की पाती उघडत नाहीत. वारा पूर्ण फिरला की तोही सुटू शकतो, आणि सुटल्यावर लगेच रुतेल याची खात्री नसते. ॲल्युमिनियमचा असेल तर जोराच्या प्रवाहात खाली जाता जाता तो पाण्यावर तरंगल्यासारखा बाजूला जातो. म्हणून त्याच्यापुढे साखळी हवीच, आणि बोट जवळजवळ थांबल्यावरच तो सोडायचा. किहीमला हा नांगर असता तरी त्या मुलाला वारा फिरताना जागं राहावंच लागलं असतं. फरक एवढा की चिखलात आणि वाळूत, म्हणजे आपल्या खाड्यांत आणि आपल्या बहुतेक मोकळ्या किनाऱ्यांवर, या पात्यांना पुन्हा रुतण्याची संधी असते. तुमच्या दातांना ती नव्हती.

तळ कोणता हे विचारणं किती महत्त्वाचं, याचा दाखला त्याच फोर्ट्रेसमध्ये आहे. त्याच्या पात्यांचा कोन बदलता येतो: 32 अंश वाळूसाठी, 45 अंश मऊ चिखलासाठी. मऊ गाळात पातं जास्त उभं असेल तर खोल जातं. तेच 45 अंशावर ठेवून कडक वाळूत टाकलं तर ते घुसतच नाही, टोकावर उभं राहून ओढलं जातं. एकच नांगर, एकच बोट, एकच दोर, आणि विकणाऱ्यानं एक वाक्य कमी सांगितलं म्हणून पकड शून्य. जुने दर्यावर्दी खोली मोजायच्या शिशाच्या तळाला चरबी लावून ते खाली सोडत आणि चरबीला काय चिकटून येतं ते बघत, वाळू की शंख की गाळ. समुद्रात उभं राहून ते जे शोधत होते ते तुम्हाला पंख्याखाली बसून नुसतं विचारायचं होतं.

दोर आणि साखळी यांबद्दल तर तुम्ही जे केलंत त्याला मी निष्काळजीपणा म्हणतो आणि तो शब्द मागे घेणार नाही. प्लास्टिकचा तरंगणारा दोर नांगराला कधीच लावू नये. तो उन्हात कुजतो, पंख्यात जातो आणि ताणला जात नाही. नांगराला तीन पेडांचा नायलॉनचा दोर लागतो, कारण तो ताणतो आणि लाटेचा हिसका स्वतः पितो. दहा मिलिमीटरचा असा दोर वीस फुटी बोटीला पुरेसा, आणि हाताला नीट धरता येईल इतका जाड. त्याच्या पुढे सहा मिलिमीटरची साखळी, निदान बोटीच्या लांबीइतकी. ती मीटरला साधारण आठशे ग्रॅम भरते, म्हणजे सहा मीटरचे पाच किलोंच्या आत. ‘मग हलकेपणा कुठे राहिला?’ असं त्या मुलानं विचारलं असतं, आणि उत्तर सोपं होतं: हे वजन योग्य जागी आहे. साखळी तळावर पडून राहते, नांगराचा दांडा खाली दाबून ठेवते, दोराला शिंपल्यांच्या धारेपासून वाचवते, आणि वर घेताना ती हाता-हातानं थोडी थोडी येते, एकदम नाही. नांगर हलका, साखळी नेमकी, दोर लांब. एका माणसाला पेलेल असं हे सगळं साहित्य दहा किलोंच्या आसपास बसतं.

आणि तो कडीचा हुक. किल्ल्या अडकवायच्या हुकाला तुम्ही एका बोटीचा भार दिलात. तिथे शॅकल लागतो, आणि शॅकलची पिन तारेनं बांधावी लागते, कारण बोट रात्रभर डोलते आणि पिन हळूहळू फिरून सुटते. ही तार तुमच्या दुकानात वजनावर मिळते. लहानसा तुकडा लागतो.

‘गिऱ्हाईकच स्वस्त मागतं’ हे तुमचं नेहमीचं उत्तर मला पाठ आहे. त्या मुलानं स्वस्त मागितला नव्हता, हलका मागितला होता. पंधराशे रुपये जास्त पडतील की पंधरा हजार, हा विषयच काउंटरवर निघाला नाही, कारण दुसरा पर्याय तुम्ही दाखवलाच नाहीत. एखाद्याला सगळं समजावून सांगितल्यावर तो स्वस्तातला घेऊन गेला तर ती त्याची निवड. त्याला माहीतच नसलेल्या गोष्टीची किंमत त्याच्या जिवावर टाकणं ही तुमची निवड. शिडाची बोट आपल्याकडे आता कुठे सामान्य माणसाच्या हातात येऊ लागली आहे. जुनी बोट विकत घेणारे, सुट्टीच्या दिवशी किनाऱ्याकाठानं जाणारे हे लोक कुणा दर्यावर्द्याच्या घरात जन्मलेले नाहीत. त्यांना कुणी तांडेल शिकवत नाही. पुस्तक उघडायच्या आधी ते तुमच्या दुकानाची पायरी चढतात. त्यांच्यासाठी समुद्राचा पहिला मास्तर तुम्हीच आहात, तुम्हाला ते आवडो न आवडो.

म्हणून चार मागण्या आहेत. त्या घडीच्या नांगराच्या पिशवीवरचं ‘संपूर्ण संच’ झाका आणि त्या जागी ‘कयाक व छोट्या होडीसाठी’ असं ठळक लिहा. नांगर मागणाऱ्याला बोटीची लांबी, तळ, खोली आणि मुक्काम या चार गोष्टी विचारल्याशिवाय कपाट उघडू नका. तरंगणारा दोर नांगराच्या कपाटातून काढून दुसरीकडे ठेवा. आणि त्या मुलाचे पैसे परत करा. सुकाणूचा खर्च तो मागत नाही, त्याचा स्वभाव तसा आहे. मी त्याच्या जागी असतो तर मागितला असता.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं दुकानात येतो आहोत. वाकलेला नांगर पावतीसकट सोबत असेल. आम्हाला हवं आहे ते आत्ताच लिहून ठेवा: बोट वीस फूट, तळ बहुतेक ठिकाणी वाळू आणि खाडीत मऊ चिखल, पाणी भरतीला सहा मीटरपर्यंत, कधीमधी रात्रीचा मुक्काम. रुंद पात्यांचा तीन किलोच्या आसपासचा नांगर, कोन बदलता येणारा असेल तर उत्तम. सहा मिलिमीटरची जस्त चढवलेली साखळी सहा मीटर. दहा मिलिमीटरचा तीन पेडी नायलॉन दोर पन्नास मीटर, टोकाला थिंबल बसवून. दोन शॅकल आणि बांधायची तार. यातलं जे तुमच्याकडे नसेल ते तोवर मागवून ठेवा. पैसे रोख देऊ.

आपला,
किनाऱ्यावरचा एक शिडाचा नावाडी